औषध माशाला द्यायचे, पाण्याला नव्हे

नागपुरात शोभिवंत मासे पाळणाऱ्या घरांत एक समज इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मासा मलूल झाला, कोपरा धरून बसला, त्याचे पोट फुगले, की औषध आणायचे आणि टाकीत ओतायचे. दुकानात गेले की सल्ला ठरलेला असतो : ‘भाऊ, एक झाकण पाण्यात टाकून द्या, होऊन जाते.’ निळे औषध, पिवळी पूड, मूठभर मीठ. आणि एवढ्याने भागले नाही तर माणसांच्या औषधांतली एखादी कॅप्सूल फोडून तिची भुकटी. पाणी रंगते आणि उपचार केल्याचे समाधान मिळते. औषध खाद्यात कालवून माशाच्या पोटात पोचवण्याचा दुसरा मार्ग कोणी सुचवला, तर ‘ते तळ्यातल्या मत्स्यशेतीसाठी, घरच्या टाकीसाठी नाही’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो.

हा समज चुकीचा आहे. नुसता चुकीचा नाही, तो माशांच्या जिवावर उठणारा आहे. माझे म्हणणे एका वाक्यात मांडतो. रोग कातडीवर किंवा कल्ल्यांवर असेल तर औषध पाण्यात द्यावे. रोग आतड्यात, रक्तात किंवा मूत्रपिंडात असेल आणि मासा अजून खात असेल, तर औषध खाद्यातूनच द्यावे. या दोन रोगप्रकारांत भेद न करणे हेच आजच्या रूढ पद्धतीचे मूळ दुखणे आहे. दोन्ही बाजू पुढे ठेवतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडले पाहिजे. दुबळ्या रूपाशी भांडण्यात काही अर्थ नाही.

पहिला मुद्दा : आजारी मासा खातच नाही. जो खात नाही त्याला औषधी खाद्य देऊन उपयोग काय? पाणी मात्र त्याला चहूबाजूंनी वेढून असते. त्यातले औषध तो टाळू शकत नाही. दुसरा : खाद्यात घातलेले औषध मासा ते तोंडात घेईपर्यंत पाण्यात विरघळून जाते. मग सरळ पाण्यातच का घालू नये? तिसरा : मात्रा सांभाळता येत नाही. धटिंगण मासा दुप्पट खातो, बुजरा उपाशी राहतो; पाण्यात मात्र सगळ्यांना सारखाच वाटा मिळतो. चौथा : पाण्यातल्या औषधाने मासे बरे झालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. अनुभवाला नाकारायचे कसे?

चारही मुद्दे विचारी माणसांचे आहेत. चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात सत्याचा मोठा अंश आहे आणि तो आधी मान्य करणे न्यायाचे आहे.

जे मान्य केलेच पाहिजे

टाकीतल्या माशांवर साखरेचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. मासेवाले या रोगाला ‘इक’ म्हणतात. इक्थिऑफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी कातडीच्या आत रुतून वाढतो, पूर्ण वाढ झाली की गळून तळाशी जातो आणि तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात. ती पोहत दुसरा मासा शोधतात. कातडीत रुतलेल्या अवस्थेत औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोहणाऱ्या अवस्थेत तो उघडा पडतो. म्हणजे शत्रू पाण्यातच आहे. त्याला पाण्यातच गाठले पाहिजे. इथे मीठ, वाढवलेले तापमान आणि पाण्यातली औषधे हाच योग्य मार्ग. अंड्यांवर चढणारी बुरशी, शेपटीच्या कडांची सुरुवातीची कूज, कल्ल्यांवरचे बाह्य परजीवी यांनाही तोच न्याय.

याहून मोठे उदाहरण प्रतिपक्षाच्या बाजूने मीच देतो. १९८८च्या सुमारास ईशान्येकडून भारतात शिरलेल्या माशांच्या व्रणरोगाने तळीच्या तळी उजाड केली. अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा. भुवनेश्वरजवळच्या कौशल्यागंग येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने, म्हणजे ‘सिफा’ने, त्यावर ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले. ते तळ्याच्या पाण्यातच टाकायचे : एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर खोल पाणी असेल तर एक लिटर. देशभरच्या मत्स्यशेतकऱ्यांनी ते वापरले.

तेव्हा पाण्यातले औषध निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्या रोगांत ते उपयोगी पडले ते रोग कोणते? इक बाहेरून चढतो. व्रणरोगाचा बुरशीसदृश जीव कातडीतून आत शिरतो. दुकानदाराचा अनुभव खरा आहे. तो बाह्यरोगांचा अनुभव आहे. त्याच्या बळावर पोट फुगून खवले उभे राहिलेल्या गोल्डफिशवर तेच औषध ओतणे हा अनुभवाचा आधार नव्हे. तो अनुभवाचा गैरवापर आहे.

मासा पाणी पीत नाही

आता मूळ गृहीतकाकडे वळू. पाण्यात औषध घातले की ते माशाच्या पोटात जाते, असे बहुतेकांना वाटते. पाण्यात राहणारा प्राणी पाणी पीतच असणार, नाही का?

गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही. त्याच्या रक्तात क्षार जास्त, भोवतालच्या पाण्यात कमी. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आपोआप आत झिरपत राहते आणि ते बाहेर फेकण्यासाठी त्याचे मूत्रपिंड सतत भरपूर, पातळ मूत्र तयार करत असते. ज्याच्या अंगात न मागता पाणी भरते आहे, तो आणखी पाणी कशाला पिईल? समुद्रातल्या माशाचे उलटे. त्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून त्याला प्यावे लागते. सागरी मासे समुद्राचे पाणी पितात आणि त्यातले जादा क्षार बाहेर टाकतात, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० साली प्रयोगाने दाखवले. जवळजवळ शंभर वर्षे होत आली. तरी आपल्या घरांतले गप्पी, मॉली, एंजल, ऑस्कर आणि गोल्डफिश औषधाचे पाणी पितील या भरवशावर आपण बाटल्या रिकाम्या करतो.

काही औषधे कल्ल्यांतून रक्तात शिरतात, हे खरे. कृमींवरची काही औषधे पाण्यातूनही चांगली लागू पडतात, हेही खरे. पण प्रत्येक औषधाचे शिरणे वेगळे, पाण्यागणिक वेगळे, आणि किती शिरले ते घरी बसून कळण्याचा मार्ग नाही. तिसऱ्या मुद्द्यातला ‘सारखा वाटा’ इथेच कोसळतो. पाण्यात सगळ्यांना सारखे औषध मिळते ते अंगाबाहेर. अंगात किती गेले ते कोणालाच ठाऊक नसते. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकणाऱ्या एंजलच्या आतड्यात परजीवी बसले आहेत. पाणी त्याच्या आतड्यात जवळजवळ जातच नाही. औषध तिथे कोण नेणार? घासच नेणार.

नागपूरचे पाणी, नागपूरचा उन्हाळा

पुस्तकातले पाणी आणि आपल्या टाकीतले पाणी एक नव्हे. शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते. पण नळ कमी आला की टाकी कूपनलिकेच्या पाण्यानेच भरतात. ते पाणी किती जड असते याचा पुरावा प्रत्येक घरात आहे. मार्चमध्ये बसवलेली कूलरची वाळ्याची ताटी जूनमध्ये काढली की तिच्यावर पांढरा, खरखरीत थर असतो. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा थर आहे.

घरोघरी सर्वांत जास्त ओतले जाणारे प्रतिजैविक टेट्रासायक्लिनच्या कुळातले असते. या कुळाचा धर्म असा की कॅल्शियम-मॅग्नेशियम भेटले की ते त्यांना बांधले जाते. बांधले गेलेले औषध कल्ल्यातून आत जात नाही. उजेडात ते झपाट्याने विघटते आणि पाणी तपकिरी होते. लोक त्या तपकिरी रंगाकडे बोट दाखवून औषध काम करत असल्याचे सांगतात. खरे तर ते औषध नासल्याचे लक्षण आहे.

मग ते ओतलेले औषध काहीच करत नाही का? करते. त्याचा जो भाग बांधला जात नाही तो फिल्टरपर्यंत पोचतो. फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. टाकी जिवंत राहते ती या जिवाणूंच्या जोरावर. जिवाणूंना मारणारे औषध हा जिवाणू मित्र, तो शत्रू असा भेद करत नाही. निळ्या औषधातले मिथिलीन ब्लूसुद्धा या वस्तीला अपाय करते. औषध माशाच्या आत पोचत नाही आणि माशाचे विष निपटणारी यंत्रणा मात्र मोडते. याला उपचार म्हणायचे?

यात नागपूरचा उन्हाळा मिळवा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांतले मुक्त रूप विषारी. पाण्याचा सामू ८ असेल तर २० अंशांना एकूण अमोनियाच्या शंभरात सुमारे ४ भाग विषारी रूपात असतात. ३० अंशांना सुमारे साडेसात. जवळजवळ दुप्पट. त्याच वेळी पाण्यात मावणारा प्राणवायू घटतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. नवतप्यात बाहेर पारा ४५च्या वर, घरात टाकीचे पाणी तिशीच्या पुढे, दुपारी वीज गेली की हवेची मोटर बंद. अशा वेळी फिल्टरचे जिवाणू मारणे म्हणजे आजारी माशाला दुसरा, अधिक घातक आजार देणे होय. ‘औषध घातले तरी मासे गेले’ असे लोक हळहळून सांगतात. कित्येकदा ते मासे औषधामुळेच गेलेले असतात.

हिशेब

ज्यांना शरीरशास्त्राचा युक्तिवाद पटत नसेल त्यांनी नुसता हिशेब पाहावा.

१०० लिटरची टाकी घ्या. तीत एकूण १०० ग्रॅम वजनाचे मासे आहेत. ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यातून देण्याची अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेली मात्रा १०० पौंड माशांमागे रोज २.५ ते ३.७५ ग्रॅम अशी आहे, तीही १० दिवस. म्हणजे किलोमागे रोज ५५ ते ८३ मिलिग्रॅम. मध्ये ७५ धरू. आपल्या १०० ग्रॅम माशांना रोज साडेसात मिलिग्रॅम लागले. १० दिवसांचे ७५ मिलिग्रॅम.

आता हेच औषध पाण्यातून द्या. त्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या मात्रांतली हलकी मात्रा लिटरमागे २० मिलिग्रॅम. जड पाण्याला ती पुष्कळ वाढवावी लागते. ते सोडून देऊ. १०० लिटरला एका वेळेचे २,००० मिलिग्रॅम झाले, आणि हे एकदा करून भागत नाही. खाद्यातून १० दिवसांत जेवढे औषध लागले असते त्याच्या सव्वीसपटीहून अधिक औषध पाण्यात पहिल्याच दिवशी गेले.

प्रत्यक्षात घरोघर काय घडते? कोणी २,००० मिलिग्रॅम घालत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल फोडून टाकतात. म्हणजे लिटरमागे ५ मिलिग्रॅम, हलक्या मात्रेचा चौथा हिस्सा. रोगाच्या जिवाणूंना मारायला अपुरी, आणि त्यांना औषधाची ओळख करून द्यायला पुरेशी. घरात एकाला ताप आला म्हणून विहिरीत औषध ओतावे, तेही चिमूटभर, अशी ही रीत आहे. ज्याला हवे त्याला मिळत नाही. ज्याला नको त्या सगळ्यांना मिळते.

‘आजारी मासा खातच नाही’

आता पूर्वपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येऊ. ज्याने तोंड मिटले त्याला औषधी खाद्य निरुपयोगी, हे मला मान्य आहे. पण मासा एका रात्रीत खाणे सोडतो का?

खाद्य टाकल्यावर टाकीसमोर पाच मिनिटे बसून पाहा. निरोगी मासा दाणा गिळतो. आजार सुरू झालेला मासा दाण्याकडे येतो, तो तोंडात घेतो, घोळवतो आणि थुंकतो. पुन्हा उचलतो, पुन्हा थुंकतो. शेवटी कधी गिळतो, कधी पाठ फिरवतो. ही अवस्था बहुधा काही दिवस टिकते. औषधी खाद्याची वेळ हीच. या दिवसांत माणसे ‘बघू उद्या’ म्हणतात, तोंड पूर्ण मिटल्यावर दुकान गाठतात, आणि मग मासा खात नाही म्हणून खाद्यातले औषध व्यर्थ असा निष्कर्ष काढतात. ही उपचारपद्धतीची मर्यादा नव्हे. हा उशीर आहे.

शिवाय टाकीत मासा एकटा नसतो. एकाने खाणे सोडले तेव्हा त्याच पाण्यात राहिलेले बाकीचे खात असतात, आणि त्यांतल्या काहींच्या अंगात तोच रोग मूळ धरत असतो. पहिल्याला वेगळ्या, छोट्या टाकीत न्यावे; तिथे पाण्यातून औषध द्यावे, कारण तिथे वाचवायची जिवाणूंची वस्ती नाही आणि पाणीही थोडे लागते. जाणता पशुवैद्यक इंजेक्शनही देऊ शकतो. उरलेल्यांना मात्र औषधी खाद्य त्याच दिवशी सुरू व्हावे. एकाच्या उपाशी राहण्यावरून दहांच्या तोंडचा उपचार काढून घेणे कोणत्या तर्कात बसते?

जगातल्या मत्स्यवैद्यकाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ट्राउट माशांच्या फुरुंक्युलोसिस या जिवाणूजन्य रोगावर सल्फा औषधांचा उपचार जेम्स गुटसेल यांनी १९४६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. ती औषधे खाद्यातूनच दिलेली होती. २००५ साली अमेरिकेत कॅटफिशसाठी फ्लॉरफेनिकॉल मान्य झाले, तेही खाद्यातून : किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, १० दिवस. हजारो माशांच्या कळपात ‘आजारी मासा खात नाही’ ही अडचण कोणाला दिसली नसेल? ती दिसली, म्हणूनच उपचार लवकर सुरू करण्यावर सारा भर आला. पाण्यात ओतण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता. आतल्या रोगासाठी त्यांनी खाद्य निवडले.

‘औषध विरघळून जाते’

काही प्रमाणात जाते. कोरड्या दाण्यावर औषधाचे पाणी शिंपडून तो तसाच टाकला तर बरेच जाते. म्हणून तर औषधी खाद्य नीट तयार करावे लागते. पण समजा, निम्मे औषध वाया गेले. साडेसातातले पावणेचार मिलिग्रॅम पाण्यात गेले. ज्याला पाण्यातले २,००० मिलिग्रॅम खटकत नाहीत, त्याला हे पावणेचार खटकावेत?

धटिंगण आणि बुजरा यांच्या वाट्याचेही तसेच. अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. तुकडे लहान करावेत, एका जागी न टाकता टाकीच्या दोन टोकांना टाकावेत, मोठ्या माशाला जाळीच्या पडद्याने वेगळे करावे. खाद्यातला असमान वाटा डोळ्यांना दिसतो आणि सुधारता येतो. पाण्यातला दिसतही नाही. दिसणारी चूक बरी की न दिसणारी?

मंडन : खाद्य तयार करण्याची रीत

दुसऱ्याचे खोडून काढले की काम संपत नाही. आपले उभे करून दाखवावे लागते.

पहिली पायरी पाण्याची. अमोनिया आणि नायट्राइट तपासल्याशिवाय कोणतेही औषध काढू नये. मलूल माशांपैकी कित्येक केवळ पाणी बदलल्याने सावरतात.

दुसरी पायरी वजनाची. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकीचेच पाणी भरलेले भांडे ठेवावे, काटा शून्यावर आणावा आणि जाळीतले पाणी निथळू देऊन मासा अलगद भांड्यात सोडावा. दिसेल ते त्याचे वजन. गप्पीसारखे छोटे मासे एकत्र मोजावेत. या एका मिनिटाच्या कामाशिवाय दिलेली प्रत्येक मात्रा अंदाजपंचे.

तिसरी पायरी औषधाची. कोणते आणि किती, हे पशुवैद्यकाने किंवा मत्स्यतज्ज्ञाने ठरवायचे. हिशेबाच्या सोयीसाठी वरचेच उदाहरण चालवू : १०० ग्रॅम मासे, रोज साडेसात मिलिग्रॅम. ओले खाद्य माशांच्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे रोज ३ ग्रॅम. तर एक ग्रॅम खाद्यात अडीच मिलिग्रॅम औषध हवे. १० दिवसांना ३० ग्रॅम लागेल. सांडलवंड धरून ४० ग्रॅम करू. त्यात १०० मिलिग्रॅम औषध. घरच्या काट्यावर १०० मिलिग्रॅम मोजता येत नाहीत, पण पाण्यात मोजता येतात. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल २० मिली पाण्यात घालून चांगली हलवावी आणि साका बसण्याआधी सिरिंजने ४ मिली उचलावे. त्यात १०० मिलिग्रॅम आले.

चौथी पायरी खाद्याची. परदेशी पुस्तके जिलेटिन घ्यायला सांगतात. नागपूरच्या मे महिन्यात ते चालत नाही. जिलेटिन तिशीच्या पुढे पातळ व्हायला लागते. टाकीत पडताच तुकडा ढिला पडेल आणि प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा आपणच खरा करून दाखवू. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास मिळते. ते उकळत्या पाण्यात विरघळते, ४०च्या आसपास घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले की ८० अंशांच्या पुढे गेल्याखेरीज वितळत नाही. कितीही तापलेल्या टाकीत ते टिकून राहते.

सोललेले, उकडलेले मटार आणि साफ केलेली बिनमिठाची कोळंबी बारीक वाटून घ्यावी. टेट्रासायक्लिन कुळातले औषध असेल तर कोळंबीचे कवच आणि माशाचे काटे अजिबात नकोत. त्यांतले कॅल्शियम औषधाला बांधून टाकते. चिमूटभर चायना ग्रास थोड्या पाण्यात दोरे दिसेनासे होईपर्यंत उकळावे. मग आच बंद करून थांबावे. पुष्कळजण इथे घाई करतात. उकळत्या पाण्यात प्रतिजैविक घातले तर उष्णतेने ते निकामी होऊ शकते. भांडे हातात धरवू लागले की आधी वाटण, लगेच औषधाचे ४ मिली घालून भराभर ढवळावे. सगळे मिळून ४० ग्रॅम भरले पाहिजे. कमी पडल्यास कोमट पाण्याने भरून काढावे. ताटलीत पातळ पसरावे. फ्रिजमध्ये वडी धरली की गप्पीसाठी बाजरीएवढे, गोल्डफिशसाठी मुगाएवढे, ऑस्करसाठी वाटाण्याएवढे तुकडे करून दिवसागणिक पुड्या बांधाव्यात आणि गोठवून ठेवाव्यात. चेचलेल्या लसणाचा थेंबभर रस घातला तर कडू औषधाची चव झाकायला मदत होते. पण लसूण हे औषध नव्हे. त्याला औषधाची जागा देऊ नये.

पाचवी पायरी शिस्तीची. सुरुवातीला एक दिवस उपास घडवावा, म्हणजे भूक लागते. मग औषधी खाद्याखेरीज दुसरे काही देऊ नये. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. उरलेला तुकडा जाळीने काढावा. आणि मासा तिसऱ्या दिवशी टवटवीत दिसला तरी ठरलेले दिवस पुरे करावेत.

एवढे कष्ट घरी कोण करणार, असे विचारले जाते. एका संध्याकाळचे काम आहे. ज्याने टाकीवर हौसेने हजारो रुपये खर्चले, त्याला तिच्यातल्या जिवांसाठी एक संध्याकाळ जड जावी का?

टाकीच्या बाहेर

एक आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो : सामान्य माणसाच्या हाती प्रतिजैविक देणेच धोक्याचे आहे. औषधाला न जुमानणारे जिवाणू त्यातून वाढतात. हा आक्षेप मी शंभर टक्के मान्य करतो. पण तो कोणाच्या विरुद्ध जातो?

टाकीतले औषधी पाणी बदलल्यावर ते मोरीत जाते. मोरीतून गटारात, गटारातून नाग नदीत. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. नागपूरचे सांडपाणी गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचते ही विदर्भाची जुनी व्यथा आहे. तिथे मासेमारी चालते, त्या पाण्यावर गावे जगतात. दुकानांत सुट्या मिळणाऱ्या काही पिवळ्या पुड्यांत नायट्रोफ्युरान गटातली औषधे असतात. खाण्याच्या माशांच्या शेतीत ती भारतात निषिद्ध आहेत. बहुतेक प्रतिजैविके औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत येतात. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. या कसोटीवर दोन्ही मार्ग पारखा. एकात २,००० मिलिग्रॅम थेट गटाराच्या दिशेने निघतात. दुसऱ्यात ७५ मिलिग्रॅम, तेही माशाच्या शरीरातून. औषधाच्या प्रतिकाराची ज्याला खरी चिंता आहे, त्याने पाण्यात ओतण्याची रूढी आधी मोडली पाहिजे.

आणि तज्ज्ञ कुठे शोधायचा, हा प्रश्न नागपूरकराने तरी विचारू नये. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून उभे आहे; मत्स्य विज्ञान महाविद्यालयही इथेच आहे. माशांच्या रोगांचे शिक्षण ज्या शहरात दिले जाते, त्या शहरात निदान मात्र दुकानाच्या गल्ल्यावर व्हावे, यात शहराची शोभा नाही. मासेपालकांनी मेलेला मासा फेकून देण्याऐवजी बर्फावर ठेवून तपासायला न्यावा. संस्थांनीही घरच्या टाकीला तळ्याइतकेच गंभीरपणे घ्यावे. मागणी वाढली की दार उघडते.

निवाडा

पूर्वपक्ष म्हणाला, पाणी सगळ्यांपर्यंत पोचते. पोचते; पण कातडीपर्यंत. तो म्हणाला, आजारी मासा खात नाही. न खाणारा वेगळा काढावा. खाणाऱ्यांना आजच द्यावे. तो म्हणाला, औषध विरघळते. चायना ग्रास ते धरून ठेवते, आणि विरघळले तरी ते ओतलेल्याच्या तुलनेत नगण्य. तो म्हणाला, अनुभव आहे. आहे, बाह्यरोगांचा आहे, आणि तेवढ्यापुरता तो आम्ही शिरोधार्य मानला.

उरते ती सवय. सवयीला पुरावा लागत नाही, म्हणून ती टिकते. आणि जीव जातो तो न बोलणाऱ्याचा, म्हणून तिला कोणी जाब विचारत नाही. मासा तक्रार करू शकत नाही. त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी, त्याला काचेच्या चार भिंतींत आणून ठेवणाऱ्याची आहे. तेव्हा पुढच्या वेळी मासा दाणा थुंकताना दिसला, की बाटलीकडे हात नेण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत : रोग बाहेर आहे की आत? मासा अजून खातो आहे का? आत आहे आणि खातो आहे, तर औषध घासातून द्यावे. पाणी स्वच्छ ठेवावे. त्याहून अधिक काही पाण्यात घालू नये.